झेलेंकाबाईंच्या पाट्या

१

सोमवारी सकाळी लिपा गाव जागं झालं, तेव्हा आर्डिथ झेलेंकाबाईंच्या पाट्या गावातून गुल झालेल्या होत्या.

शुक्रवारपर्यंत जिकडे नजर टाकावी तिकडे त्याच दिसत. प्लास्टिकच्या, हिरव्या रंगात छापलेल्या, तारेच्या दोन पायांवर अंगणातल्या हिरवळीत रोवलेल्या, आणि वर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'झेलेंका, राज्य शिक्षण मंडळ'. एरवी नेब्रास्काच्या या कोपऱ्यात शिक्षण मंडळाची निवडणूक कधी होते आणि कोण येतं, याची कुणी फिकीर करत नाही. मतपत्रिकेच्या तळाशी दोन नावं असतात, लोक डोळे मिटून त्यातल्या एकावर खूण करतात आणि घरी जातात. पण या खेपेला गावची बाई उभी होती. गावातल्या निम्म्या लोकांना रसायनशास्त्र तिनेच शिकवलेलं. पाटी घेऊन बाई दारात उभ्या राहिल्या की 'नको' म्हणायची कुणाची टाप नव्हती.

डेल कोवार हा शेरिफचा डेप्युटी. काउंटीच्या या टोकाची सगळी उस्तवार त्याच्या गळ्यात. कुंपण मोडून निघालेली गुरं, बर्फात रुतलेल्या गाड्या आणि शनिवारची दारूतली बाचाबाची, यापलीकडे त्याच्या डोक्याला फारसा ताप नसे. त्याच्या स्वतःच्या अंगणातली पाटी तर शनिवारीच गेली होती. "नेली वाटतं कुणीतरी," बायको रोंडा म्हणाली होती. त्याने शेजारच्या मर्डेन गावच्या पोरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, रविवारी चर्चबाहेर चारचौघांत ते सांगितलं आणि विसरून गेला.

आणि आता हे. अग्निशमन बंबाच्या शेडमागे त्याची एक खोली होती, तिला तो ऑफिस म्हणे. त्या ऑफिसात झेलेंकाबाई येऊन उभ्या राहिल्या.

"बस, डेल," त्या म्हणाल्या.

ऑफिस त्याचं, खुर्ची त्याची, तरी तो मुकाट्याने बसला.

"बाई, पाट्याच आहेत. दुसऱ्या लावू."

"पाट्यांचं काय घेऊन बसलास? कुणीतरी मला या गावातून पुसून टाकतंय. पुढच्या मंगळवारी मतदान. या गुरुवारी चर्चच्या तळघरात शेवटची सभा आहे आणि केंट ऑस्ट्रँडर माझ्या शेजारी बसणार आहे. सगळ्यांसमोर मी सांगणार आहे, चोर हाच."

"पुरावा?"

"तो तू आण."

"आणि नाहीच सापडला तर?"

"तरी सांगणार."

प्रयोग व्हायच्या आधी वहीत निष्कर्ष लिहिला म्हणून याच बाईंनी त्याला एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. बाईंच्या विरोधात उभा असलेला ऑस्ट्रँडर काही साधा माणूस नव्हता. वकील त्याच्या खिशात असत. चारशे लोकांसमोर खोटा आळ घेतला, तर निवडणूक जाईलच, पण बाईंनी हयातभर जे कमावलं, म्हणजे 'बाई बोलल्या म्हणजे ते खरं', तेही जाईल. आणि ते त्यांना पुन्हा मिळवता येणार नव्हतं.

बाई निघून गेल्या. डेलने खिडकीतून पाहिलं आणि टोपी शोधायला लागला. रस्त्यापलीकडे कुचेरा भावांच्या अंगणात एक हिरवी पाटी ताठ उभी होती.

२

गावभर गाडी फिरवली तेव्हा आणखी दोन सापडल्या. एक म्हाताऱ्या सिकोराआजींच्या दारात, एक यांके कुटुंबाच्या. बाकी सगळीकडे साफ. चोराने ही तीनच घरं का सोडली, हे डेलला कळेना. तिन्ही घरं अगदी रस्त्याला लागून, दिवा नसलेली.

संशय घ्यायला माणसं हवीत म्हणून तो आधी शाळेच्या मैदानावर गेला. फुटबॉलचा कोच डुएन पोकोर्नी गवतावर पांढऱ्या रेषा मारत होता. आठ-आठ जणांचा फुटबॉल, कारण अकरा पोरं गोळा होत नाहीत. पण शुक्रवारी सामना असला की गावात घरी फक्त आजारी माणूस सापडायचा.

"काय रे डुएन, तूच उपटल्यास ना?"

"मी? अरे, माझीच गेली!"

"तुझ्या अंगणात बाईंची पाटी होती?"

"मग काय करू? दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'डुएन, ही कुठे लावायची?' लावू का, असं विचारलंच नाही. तू नको म्हणाला असतास?"

डेलने टोपी सारखी केली.

"पण चिडलोय मी, लपवत नाही," डुएनने यंत्र थांबवलं. "मर्डेनच्या सभेत, त्या लोकांच्या तोंडावर म्हणाल्या, की लिपा आणि मर्डेनने शाळा एक करावी, म्हणजे रसायनशास्त्राचा एक धड शिक्षक तरी परवडेल, पोरं पडद्यासमोर बसून शिकणार नाहीत. म्हणजे आमची पोरं त्यांचा जांभळा शर्ट घालणार? माझा बाप थडग्यात उठून बसेल."

"शाळा जोडणं त्या मंडळाच्या हातात नसतं, डुएन. ते गावं ठरवतात."

"माहितेय मला. पण म्हणाल्या ना? आपल्या बाई असून म्हणाल्या."

निघताना डेल कोचच्या अंगणात डोकावला. पाटीच्या तारांची भोकं कुठे दिसेनात. वाकून हात फिरवला तेव्हा कळलं, दोन्ही भोकं टाचेने दाबून बुजवली होती आणि वर गवत सारखं केलं होतं. भलताच टापटिपीचा चोर म्हणायचा, असं मनाशी म्हणून तो गाडीत बसला.

लोरीनच्या कॅफेत कॉफी प्यायला थांबला. लोरीन त्याच्याच वर्गातली, जिभेला हाड नसलेली. शुक्रवारच्या सामन्यानंतर सगळं गाव तिच्याकडे जेवायला येई; त्यावरच तिचा हिवाळा निघे. शाळा मर्डेनला गेली की सामने मर्डेनला आणि जेवणंही मर्डेनला. तिलाही बाईंचा राग असायला हरकत नव्हती.

"तुझीही गेली?"

"गेली की! सकाळी उठते तर जागा रिकामी. काल होती... का परवा? अगं बाई, आठवत नाही बघ." ती भराभरा टेबल पुसायला लागली. "कसले मेले लोक असतात! बिचाऱ्या बाई. डेल, मी त्यांच्यासाठी जर्दाळू भरलेले गोड पाव, आपले कोलाच, केलेत. जाताना नेऊन देतोस? मला काही जायला व्हायचं नाही."

"का? चार घरं तर टाकून आहेत."

"काम असतं रे मला," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

बाहेर दाराशी डब्यांत शेवंती लावलेली होती. वाऱ्याने लवू नये म्हणून रोपांना नव्याकोऱ्या, चकचकीत तारांचा आधार दिला होता. डेलने ते पाहिलं, आणि त्याला त्यात काहीच दिसलं नाही.

३

केंट ऑस्ट्रँडर मर्डेनला ट्रॅक्टर विकायचा. त्याने डेलला बसायला दिलं, कॉफी दिली, वर दोन बिस्किटंही दिली. ज्याच्यावर आळ यायचा तो माणूस इतका निवांत, हे डेलला आवडलं नाही.

"बाईंना वाटतं मी पाट्या चोरल्या," ऑस्ट्रँडर हसला. "डेप्युटी, तुमच्या गावात मी माझी एक तरी पाटी लावली का? नाही. लिपा मी पहिल्या दिवशीच सोडून दिलं होतं. बाईंचं गाव, तिथे मला कोण विचारतो? जे हरलेलंच आहे तिथे मी माणसं पाठवून चोऱ्या कशाला करू?"

"सोडून दिलं होतं, म्हणता. आता?"

ऑस्ट्रँडरने कप खाली ठेवला. माणूस विकण्यात मुरलेला होता, पण तेवढ्यापुरता तो अवघडल्यासारखा दिसला.

"शनिवारपासून लिपामधून मला फोन येतायत. पाटी मागायला नाही हं. 'हवा बरी आहे', 'मका निघाला का', असं आपलं इकडचं तिकडचं. आणि फोन ठेवता ठेवता, 'या खेपेला तुम्हालाच बरं का. पण हे बाईंच्या कानावर जायला नको.'"

"कोण लोक?"

"ते मी सांगणार नाही."

"ही चौकशी आहे, ऑस्ट्रँडरसाहेब."

"असू दे. सांगितलं तर तुम्हालाच जड जाईल." तो उठला आणि दार उघडून उभा राहिला. "पहिला फोन तुमच्या घराच्या फार जवळून आला होता, डेप्युटी."

४

बुधवारी दुपारी डेल गाडीतच राहून गेलेला कोलाचचा डबा घेऊन बाईंच्या घरी गेला. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर, टेबलावर, फ्रिजवर भांडीच भांडी. नूडल्सचे भाजलेले पदार्थ, हॅमचं सॅलड, खसखशीच्या वळकट्या, चौकोनी कापलेल्या गोड वड्या. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव, म्हणजे भांडं परत जायला चुकू नये.

"मी मेले का रे, डेल?" बाई म्हणाल्या. "नवरा गेला तेव्हासुद्धा एवढं आलं नव्हतं. लोरीनचा डबा धरून आता गावात कुणाचं यायचं राहिलं नाही. आणि सगळे दारातच ठेवून पळतात. आत ये म्हटलं तर एकेकाला काम आठवतं."

डेल हसला, पण हसू अर्ध्यातच विरलं.

"माझ्यावर माया आहे गावाची," बाई म्हणाल्या, आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. "चोराला वाटलं असेल की पाट्या गेल्या म्हणजे मी एकटी पडेन. उलट झालं. उद्या सभेत हेच सांगणार आहे. आणि कुचेरा, सिकोरा, यांके यांचं नाव घेऊन आभार मानणार आहे. त्यांनी पाट्या सांभाळल्या."

"सांभाळल्या कशा?" डेल सहज म्हणाला. "कुचेरा भाऊ शुक्रवारपासून शिकारीला गेलेत. सिकोराआजी आठवडाभर इस्पितळात आहेत. आणि यांके मंडळी लेकीच्या लग्नाला लिंकनला. त्यांना तर माहीतही नसेल की..."

तो मध्येच थांबला. चोर रिकाम्या घराच्या अंगणात शिरतो. ज्या घरात दिवा आहे, माणसं आहेत, कुत्रा आहे, तिथे तो जपून असतो. इथे उलटं होतं. ज्या ज्या घरात माणसं होती, तिथल्या पाट्या गेल्या. जिथे कुणीच नव्हतं, तिथल्या राहिल्या. परक्याच्या अंगणातली भोकं बुजवून गवत सारखं करणारा चोर त्याने कधी पाहिला नव्हता. आपल्या स्वतःच्या हिरवळीची मात्र या गावात प्रत्येकाला काळजी असते.

आणि लोरीनची शेवंती. नव्या तारा.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, बाई. काम आठवलं," डेल म्हणाला, आणि बोललेलं ऐकून त्याचे कान तापले.

५

घरी मागच्या दाराशी चिखलाचे बूट काढायची एक छोटी खोली होती. डेल तिथे खाली बसला. शनिवारपासून तो रोज याच जागी बूट काढून ठेवत होता. बुटांखाली एक पांढरा प्लास्टिकचा तुकडा अंथरलेला होता, फरशी खराब होऊ नये म्हणून. त्याने स्वतःचे बूट उचलले, मुलाचे, म्हणजे कोडीचे, फुटबॉलचे खिळ्यांचे बूट उचलले आणि तो तुकडा उलटा केला.

हिरवा रंग. पांढरी अक्षरं. बाईंनी एकाच बाजूने छापून घेतल्या होत्या.

"रोंडा!"

ती आली, त्याच्या हातातली पाटी पाहिली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"टाकून द्यायचं जिवावर आलं," ती म्हणाली. "चांगलं प्लास्टिक आहे."

"अगं, तू? आणि मला सांगितलंस चोरीला गेली म्हणून?"

"मग काय सांगू? तू बाईंचं नाव निघालं की अजून सरळ बसतोस. कोडीचं शेवटचं वर्ष आहे पुढचं. तो मर्डेनच्या संघात राखीव म्हणून बाकावर बसून काढणार ते? ती पाटी रोज डोळ्यासमोर सहन होईना मला. शनिवारी सकाळी बायका गाडी हळू करून बघत होत्या. लाज वाटली. काढली."

"आणि ऑस्ट्रँडरला फोन?"

तिने मान खाली घातली. मग म्हणाली, "पण डेल, मी फक्त आपली काढली हं. बाकीच्यांच्या खरंच कुणीतरी चोरल्या. तो माणूस तू शोधच."

डेल तसाच परत बाहेर पडला. लोरीनने आधी शपथ घेतली, मग ॲप्रनने डोळे टिपले. "सगळ्यांच्याच जातायत म्हटल्यावर माझी मी काढली, एवढंच. पण बाकीच्यांच्या चोरीलाच गेल्या ना रे?" डुएन म्हणाला, "हो, काढली. पण डेप्युटीच्या घरची गेली हे चर्चबाहेर तूच सांगितलंस, तेव्हा म्हटलं, चला, चोर आहेच, त्याच्या नावावर आपलीही खपेल." आणखी पाच दारं ठोठावली. पाचही ठिकाणी तेच. प्रत्येकाने फक्त आपली काढली होती, प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच खोटे, आणि प्रत्येकाचा त्या चोरावर मनापासून विश्वास होता.

चोर नव्हताच. त्याला जन्माला घातलं होतं डेलच्याच घराने, आणि गावभर मिरवलं होतं डेलने.

आता हे बाईंना सांगायचं होतं. नाही सांगावं तर उद्या त्या एका निरपराध माणसावर आळ घेणार. सांगावं तर काय उरणार, याचा विचार करायला डेल धजेना.

६

गुरुवारी उन्हं कलताना तो गेला. बाई निघायच्या तयारीत होत्या. निळा कोट, केस नीट बसवलेले, हातात भाषणाचे कागद.

"सापडला?"

"बाई, बसा," डेल म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो बाईंना बस म्हणत होता. त्या बसल्या.

त्याने सगळं सांगितलं. रिकामी घरं, बुजवलेली भोकं, तारा. कुणाचंही नाव घेतलं नाही, फक्त स्वतःच्या घराचं घेतलं. बाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. वर्गात मुलगा फळ्यावर गणित सोडवत असला की त्या अशाच ऐकायच्या, चूक कुठे होते ते बघत.

"किती जणांनी?" त्यांनी शेवटी विचारलं.

"जे घरी होते त्यांनी."

"म्हणजे सगळ्यांनी."

डेलने होकारार्थी मान हलवली. स्वयंपाकघरात अजून भांडी तशीच होती, झाकलेली, न खाल्लेली.

"चूक नाही रे," बाई हळूच म्हणाल्या. "तुझी मांडणी बरोबर आहे. मीच शोधत होते चूक." कागदांची त्यांनी घडी घातली. मग ती पुन्हा उलगडली. "मला एकाने सांगितलं असतं ना डेल, की बाई, तुम्ही चुकताय, आम्हाला पटत नाही, तर मी भांडले असते. मला भांडता येतं. चोर असता तरी चाललं असतं, त्याला धरता आलं असतं. पण या लोकांना मी काय करू? हे तर मला जेवायला घालतायत."

"सभेला नका जाऊ, बाई. बरं वाटत नाही म्हणून मी सांगतो."

"ते खोटं होईल." त्या उठल्या. "जाईन. बसेन. ऑस्ट्रँडरला काही म्हणणार नाही, तेवढं तू वाचवलंस. आणि सभा संपली की एकेक जण येऊन माझा हात हातात घेईल, म्हणेल, काय मेले लोक असतात, बिचाऱ्या बाई. आणि मला प्रत्येकाचे आभार मानावे लागतील."

डेलला काहीतरी बोलायचं होतं. गाव वाईट नाही, असं काहीतरी. माणसं चांगली आहेत म्हणूनच त्यांना तोंडावर बोलवत नाही, असं काहीतरी. ते सगळं खरं होतं, आणि त्यातलं काहीही तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. त्याने दार उघडून धरलं. बाहेर कापलेल्या मक्याच्या शेतांवर गार वारा सुटला होता.

पायरीवर बाई थांबल्या.

"डेल, तू कुणाला मत देणार आहेस?"

प्रश्न साधा होता. डेलच्या डोळ्यासमोर शुक्रवारचं मैदान आलं, दिवे, गर्दी, आणि रेषेवर वाकलेला कोडी. त्याने मंगळवारचा विचार अजून केलाच नव्हता. खरं सांगायचं तर केला होता, शनिवारीच केला होता, आणि तो कुणाला, अगदी रोंडालाही, सांगितला नव्हता.

"तुम्हालाच की, बाई," तो म्हणाला. "हे काय विचारणं झालं?"

आवाज नको तेवढा मोठा आणि नको तेवढा गोड निघाला. तो आवाज त्याने गेल्या तीन दिवसांत दारोदारी ऐकला होता, आणि ओळखला होता. बाईंनी तर तो त्याच्याही आधी ओळखला असणार. त्या त्याच्याकडे जराशा जास्तच वेळ बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी त्याच्या कोटाची कॉलर नीट केली, लहान पोराची करावी तशी, आणि हसल्या.

"थँक यू, डेल," त्या म्हणाल्या. "सावकाश जा हं. या वेळेला हरणं रस्त्यावर येतात."